भ्रमणध्वनी आणि ठावठिकाणा

घरातील तिपाईवर दूरध्वनीचे काळे यंत्र असे, त्या काळी घंटा वाजली म्हणजे उचलणारा पहिला प्रश्न विचारी, ‘कोण बोलतंय?’ आज खिशातील यंत्र वाजते तेव्हा हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही, कारण बोलणाऱ्याचे नाव पडद्यावर आधीच उमटलेले असते. त्याऐवजी विचारले जाते, ‘कुठे आहेस?’ हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या तीस वर्षांत दैनंदिन संदेशवहनात जो पालट झाला, त्याचे मर्म या एका प्रश्नात आले आहे.

जुन्या दूरध्वनीचा क्रमांक हा वस्तुतः माणसाचा नव्हताच. तो जागेचा होता. टेलिफोन एक्सचेंजमधून निघालेली तारांची एक जोडी रस्त्याखालून एका विशिष्ट घरात जाई आणि तेथेच संपे. दिल्लीत करोल बागेतील घराचा क्रमांक फिरविला की घंटा करोल बागेतच वाजणार. घरचा माणूस चांदणी चौकात गेला असला तर तो हाती लागत नसे. ठिकाण निश्चित होते, माणूस अनिश्चित होता. भ्रमणध्वनीने हे नाते उलटे केले. आता क्रमांक माणसाच्या खिशात फिरतो. तो माणूस गाझियाबादेत असो, गुरुग्रामात असो किंवा रेल्वेच्या डब्यात असो, सापडतो खरा. परंतु तो कोठे सापडला, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. संकटात सापडलेल्या माणसाकडे धावून जाणाऱ्यास मात्र नावापेक्षा ठिकाणाचीच गरज अधिक असते. या हरवलेल्या ठिकाणाचा पुन्हा शोध घेण्याचा जो खटाटोप दिल्ली व तिच्या भोवतालच्या प्रदेशात झाला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिली आठ वर्षे

भारतातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात असलेले केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्याच वर्षी दिल्लीतही ही सेवा सुरू झाली. प्रारंभी ती श्रीमंतांची चैनच होती. बोलणाऱ्यास मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे. आणि आजच्या विद्यार्थ्यास खरे वाटणार नाही, पण ज्याला फोन येई त्यालाही पैसे मोजावे लागत! साहजिकच सामान्य माणूस रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओ बूथसमोर रांगेतच उभा राहिला.

येणाऱ्या फोनवरील आकार २००३ साली रद्द झाला आणि तेथून खरा प्रसार सुरू झाला. भाजीवाला, रिक्षाचालक, घरकाम करणारी बाई यांच्या हाती यंत्र आले. पैसे वाचविण्याच्या गरजेतून लोकांनी एक स्वतंत्र संकेतपद्धतीच निर्माण केली. समोरच्याने उचलण्यापूर्वीच फोन बंद करावयाचा: हाच तो ‘मिस्ड कॉल’. एकदा वाजला तर ‘पोहोचलो’, दोनदा वाजला तर ‘खाली ये’, असे घरोघरचे संकेत ठरले. तारायंत्राच्या कडकट्टापेक्षाही साधी अशी ही लिपी कोणी शास्त्रज्ञाने शोधलेली नव्हती, आणि ती वापरण्यास एक पैसाही पडत नव्हता. ‘भ्रमणध्वनी’ हा सुंदर शब्द पुस्तकात राहिला व लोकांनी ‘मोबाइल’ म्हणणे पसंत केले, हेही याच काळातले.

मनोरे आणि पुकारा

मोबाइलच्या यंत्रात एक लहानसे बिनतारी प्रक्षेपक आणि ग्राहक असतात. त्याची शक्ती अल्प असल्याने त्याचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून सारा प्रदेश लहान लहान विभागांत वाटून प्रत्येक विभागासाठी एक मनोरा, म्हणजे टॉवर, उभारलेला असतो. नकाशावर हे विभाग मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे षट्कोनी काढण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात इमारती, झाडे व उंचसखल भाग यांमुळे त्यांचे आकार वेडेवाकडे असतात. कॅनॉट प्लेससारख्या गर्दीच्या भागात दोन मनोऱ्यांमधील अंतर काही शे मीटरच असते. शहराबाहेरच्या शेतांत मात्र एकच मनोरा कित्येक किलोमीटरांचा प्रदेश सांभाळतो.

मथुरा रोडने फरिदाबादकडे निघालेला प्रवासी बोलत असताना त्याचे संभाषण एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविले जाते, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो बोलत नसतानासुद्धा त्याचे यंत्र अधूनमधून आपली हजेरी लावीत असते. कंपनीच्या नोंदवहीत त्यामुळे एवढेच लिहिलेले असते, की अमुक क्रमांक सध्या मनोऱ्यांच्या अमुक गटात आहे. कोणी त्याला फोन केला म्हणजे त्या गटातील सर्व मनोरे एकदम त्याच्या नावाचा पुकारा करतात, जसा तलाठी गावात दवंडी देववितो तसा. आणि यंत्र ‘येथे आहे’ असे उत्तर देते. ‘माणूस सापडणे’ म्हणतात ते एवढेच. गाव कळते, घर कळत नाही.

एकशे साठ अक्षरे

लघुसंदेशाचा, म्हणजे एसएमएसचा, जन्म या हजेरीच्या व्यवहारातूनच झाला. संभाषणासाठी लागणाऱ्या मार्गांखेरीज यंत्र व मनोरा यांच्यामध्ये निरोपांची देवघेव करणारी एक अरुंद वाट असते. ती पुष्कळ वेळ रिकामी असते. तीवरून लहानसा मजकूर का धाडू नये, असा विचार १९८०च्या दशकात युरोपातील अभियंत्यांनी केला. वाट अरुंद, म्हणून मजकूर आखूडच हवा. त्यांनी १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट, एवढी मर्यादा स्वीकारली. रोमन लिपीच्या एका अक्षराला ७ बिट लागतात. १,१२० ला ७ ने भागिले असता १६० येतात. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने पोस्टकार्डांवरील मजकूर तपासून १६० अक्षरे माणसाला पुरतात, असा निर्वाळा दिला होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पहिला लघुसंदेश पाठविला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

देवनागरीच्या वाट्यास या हिशेबात थोडा अन्याय आला. नागरी अक्षरासाठी ७ ऐवजी १६ बिट द्यावे लागतात, म्हणून एका संदेशात ७० चिन्हेच मावतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी व हलंत ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘दिल्ली’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, यंत्र त्याची सहा चिन्हे मोजते. ‘सुखरूप पोहोचले’ या दोन शब्दांना, मधल्या रिकाम्या जागेसह, चौदा चिन्हे खर्ची पडतात. प्रारंभीच्या पुष्कळ यंत्रांवर नागरी उमटतही नसे. परिणामी मराठी व हिंदी बोलणारे लक्षावधी लोक आपलीच भाषा रोमन अक्षरांत, स्वर गाळून व शब्द तोडून लिहू लागले. पुढे अडचण दूर झाली, पण सवय राहिली.

लघुसंदेशाचा एक गुण मात्र असाधारण ठरला. संभाषणासाठी एक संपूर्ण मार्ग बोलणे संपेपर्यंत अडवून ठेवावा लागतो. जुन्या जीएसएम पद्धतीत एका वाहक लहरीचे आठ कालखंड करीत. त्यांतील एक व्यवस्थेसाठी गेला म्हणजे सातच माणसे एका वेळी बोलू शकत. मनोऱ्यावर अशा अनेक लहरी असल्या तरी मर्यादा ही असतेच, आणि हजारो लोक एकाच क्षणी बोलू पाहतील तर बहुतेकांना रिकामा मार्ग मिळत नाही. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले तेव्हा हेच घडले; घरची माणसे क्रमांकामागून क्रमांक फिरवीत होती आणि फोन लागत नव्हते. लघुसंदेशास स्वतःसाठी अडवून ठेवलेला मार्ग नको असतो. तो प्रथम कंपनीच्या संदेश-केंद्रात जाऊन थांबतो. वाट मोकळी नसली किंवा समोरचे यंत्र बंद असले तर केंद्र तो राखून ठेवते व पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. म्हणून गर्दीच्या प्रसंगी बोलणे अशक्य झाले तरी दोन शब्द पोचण्याचा संभव अधिक. तथापि हा संभव आहे, हमी नव्हे. संदेश ‘गेला’ याचा अर्थ तो केंद्रात पोचला एवढाच. तो वाचला गेला असे नव्हे. हा भेद न कळल्यामुळे कित्येक घरांत उगाच रात्रभर जागरण होते, आणि कित्येकदा जेथे जागे राहावयास हवे तेथे लोक निश्चिंत झोपतात.

दिल्लीच्या परिसरात या दोन शब्दांना विशेष मोल आले. नोएडा व गुरुग्राम येथील कार्यालयांतून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुली घरी जाताना गाडीचा क्रमांक घरच्यांना कळवू लागल्या, आणि दारात पाय ठेवताच मैत्रिणीला ‘पोहोचले’ असे लिहू लागल्या. मेट्रो २००२ साली सुरू झाली, २०१० पासून तिच्यात स्त्रियांसाठी वेगळा डबा आला. पण स्थानकापासून घरापर्यंतचा अंधारा तुकडा तसाच उरला. त्या तुकड्यात मुली फोन कानाला लावून चालतात. पुष्कळदा पलीकडे कोणीही नसते.

१६ डिसेंबर २०१२

त्या रात्री दक्षिण दिल्लीतील मुनिरका येथे एक तरुणी व तिचा मित्र घरी जाण्यासाठी एका खाजगी बसमध्ये चढले. चालत्या बसमध्ये त्या दोघांना मारहाण झाली, तरुणीवर अमानुष अत्याचार झाले, आणि नंतर त्यांना महिपालपूरजवळ रस्त्याकडेला फेकून देण्यात आले. तरुणी पुढे मरण पावली. या घटनेने देश हादरला व फौजदारी कायदा बदलला, हे सर्वश्रुत आहे. येथे नोंदविण्याजोगी गोष्ट अशी, की दोघांजवळही मोबाइल होते, आणि ते हल्लेखोरांनी हिसकावून घेतले होते. यंत्र हातात आहे तोपर्यंतच ते साह्य करते. संकटात पहिला घाला बहुधा त्याच्यावरच पडतो.

या घटनेनंतर काही दिवसांतच दिल्लीत स्त्रियांसाठी १८१ ही साह्यवाहिनी सुरू झाली. १ जानेवारी २०१५ रोजी दिल्ली पोलिसांचे ‘हिम्मत’ हे ॲप आले. कळ दाबताच वापरणाऱ्या स्त्रीचे ठिकाण नियंत्रण कक्षास कळावे, अशी त्यात योजना होती. परंतु ते आधी उतरवून घ्यावयाचे, आधी नोंदणी करावयाची, आणि त्यासाठी महागडा स्मार्टफोन हवा. नोंदणी थोडी झाली. २०१८ साली संसदीय समितीनेही या अल्प प्रतिसादावर बोट ठेवले. ज्या स्त्रीला रात्री बसने जावे लागते तिच्याजवळ बहुधा साधाच फोन असतो, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानी उशिरा आली असे म्हणावे लागते.

२०१६ साली केंद्र सरकारने केलेले नियम या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होते. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटाची कळ असावी, असे ठरले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरला, अथवा स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबली, की आणीबाणीचा फोन लागावा. १ जानेवारी २०१८ पासून प्रत्येक यंत्रात उपग्रहाद्वारे ठिकाण शोधण्याची सोयही सक्तीची करण्यात आली. पोलिस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच क्रमांक दिल्लीत २०१९ साली सुरू झाला.

ठिकाणाचा शोध

कळ दाबली गेली. आता ती कोठे दाबली, हे कसे कळावे?

पहिला उपाय मनोऱ्याचा. ज्या मनोऱ्याने हाक ऐकली, त्याच्या आसपास माणूस असणार. लहरी जाऊन येण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतराचाही अंदाज येतो. जीएसएम पद्धतीत हा अंदाज सुमारे ५५० मीटरांच्या पायऱ्यांनी होत असे. दिल्लीच्या दाट वस्तीत ५५० मीटरांत किती गल्ल्या, किती मजले व किती दारे येतात, याची कल्पना शाहदऱ्यात एकदा फिरून आलेल्यास सहज येईल.

दुसरा उपाय उपग्रहांचा. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएस उपग्रह सतत आपली वेळ व स्थान सांगत असतात. त्यांचा संदेश यंत्रापर्यंत पोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. हा विलंब नेमका मोजला की उपग्रहाचे अंतर कळते. आणि चार उपग्रहांची अंतरे कळली की पृथ्वीवरील बिंदू ठरविता येतो. तीन का नव्हे? खिशातील यंत्राचे घड्याळ अचूक नसते. प्रकाश सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर जातो, तेव्हा घड्याळाची एवढी चूकसुद्धा माणसाला पुढच्या चौकात नेऊन ठेवील. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मोकळ्या मैदानात हे गणित काही मीटरांपर्यंत बरोबर येते. उंच इमारतींच्या दरीत लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन येतात व अंतर वाढल्याचा भास होतो. तळघरात, भुयारी स्थानकात, किंवा पत्र्याच्या छपराखाली उपग्रह दिसतच नाहीत असे म्हणावयास हरकत नाही. मग पुन्हा मनोऱ्याचाच आधार.

दिल्लीच्या परिसरात यात आणखी एक पेच आहे. मोबाइल सेवेच्या दृष्टीने दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद व गुरुग्राम मिळून एकच मंडळ होते. बोलणाऱ्याला राज्याची हद्द ओलांडल्याचे कळत नाही. पोलिसांना मात्र ती हद्द पाळावी लागते. यमुनेच्या एका काठावर दिल्ली पोलिस, पलीकडे काही अंतरावर उत्तर प्रदेशचे, कापसहेड्याच्या पुढे हरियाणाचे. प्रत्येकाचा नियंत्रण कक्ष निराळा. बिनतारी लहरींना ही रेषा दिसत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची हाक पलीकडच्या राज्यातील मनोऱ्याने ऐकली, तर ती त्या राज्याच्या कक्षात पोचण्याचा संभव असतो, आणि मग तेथून ती पुन्हा अलीकडे सोपवावी लागते. जे काम मनोरे एका निमिषात करतात, तेच माणसांच्या दोन कार्यालयांमध्ये काही मिनिटे घेते. गुन्ह्याची तक्रार घेताना तरी हद्दीची सबब सांगितली जाऊ नये, म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कोठेही घडलेला असला तरी खबर नोंदवून घेण्याची तरतूद केली आहे. तक्रारीचा प्रश्न त्याने सुटतो. गाडी किती लवकर निघते, हा प्रश्न वेगळा.

दुसरी बाजू

जे यंत्र माणसाला हाकेच्या अंतरावर आणते, ते नको असलेल्या माणसालाही तितक्याच जवळ आणते. रिचार्जच्या दुकानात सांगितलेला क्रमांक भलत्याच्या हाती जाऊन मुलींना अवेळी फोन येऊ लागले, हा उत्तर भारतातील सर्रास अनुभव होता. कॅमेरा असलेला फोन आल्यावर दुसऱ्याच्या खाजगी क्षणांची चित्रे घेणे व पसरविणे सोपे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने त्यास शिक्षा ठरविली. पाठलाग करणे, त्यात कोणाच्या संदेशांवर पाळत ठेवणेही आले, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. सध्याच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो.

संदेश खरा की खोटा, हे मनोऱ्यास कळत नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आसामातील दंगलींनंतर ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा लघुसंदेशांतून पसरल्या आणि बंगळूर, पुणे आदी शहरांतून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने गावी निघाली. सरकारला एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवस निर्बंध घालावे लागले. ज्या दोन शब्दांनी घर निश्चिंत होई, त्याच वाटेने ही भीतीही आली.

आणि सर्वांत अवघड प्रश्न घराघरांतील आहे. मुलगी सुखरूप असावी म्हणून तिला फोन दिला जातो. तिचा ठावठिकाणा सतत कळत राहावा म्हणूनही दिला जातो. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून आपले चालते ठिकाण दुसऱ्याला दाखविता येते. मैत्रिणीला एका प्रवासापुरते ते दाखविणे निराळे, आणि भावाने किंवा नवऱ्याने ते अष्टौप्रहर मागणे निराळे. यंत्राच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नाही. राजधानी प्रदेशातच मोडणाऱ्या बागपत जिल्ह्यातील आसारा गावच्या पंचायतीने जुलै २०१२ मध्ये मुलींनी रस्त्यावर मोबाइल वापरू नये, असे फर्मान काढले होते. ती बस दिल्लीत धावली त्याच्या पाचच महिने आधीची ही गोष्ट. एका बाजूस स्त्रीच्या रक्षणासाठी तिच्या हाती फोन असावा असे म्हणणारे, दुसऱ्या बाजूस तिच्या रक्षणासाठीच तो काढून घ्यावा असे म्हणणारे. आणि फोन कोणाशी बोलण्यासाठी हवा, हे तिला विचारणारे थोडेच.

इतक्या उपग्रहांनंतरही ११२ वर बोलताना ‘आपण कोठे आहात?’ हा प्रश्न विचारला जातोच. दिल्लीच्या लोकांनी त्यास आपल्यापुरते एक उत्तर शोधून काढले आहे. उंचावरून जाणाऱ्या मेट्रोच्या प्रत्येक खांबावर अभियंत्यांनी क्रमांक रंगविले आहेत. दुकानाच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत, दवाखान्याच्या पत्त्यात आता ‘मेट्रो पिलर नंबर अमुकच्या समोर’ असे छापलेले असते. रात्री अपघात झाला, आणि गल्लीचे नाव ठाऊक नसले, तर माणूस मान वर करून खांबावरचा आकडा वाचतो व तो फोनवर सांगतो. तेवढ्यावरून गाडी येते.